हिशेब यंत्र करील. जबाब कोण देईल?

चिखलीच्या साने चौकापासून जवळच माझ्या पुतण्याचे दुकान आहे. नट-बोल्ट, बेअरिंग, ड्रिल, टॅप असा माल तळवडे, भोसरी आणि चाकण परिसरातील लहान कारखान्यांना पुरविणे हा त्यांचा गेल्या तीस वर्षांचा व्यवसाय. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातील दोन-तीन संध्याकाळी मी तेथे जाऊन बसतो. चहा होतो, जुन्या ओळखीचे कारखानदार भेटतात आणि बाजाराची नाडी हाताला लागते.

अशाच एका संध्याकाळी पुतण्याच्या मुलाने मला विचारले, "आजोबा, तुम्हाला काय वाटतं? एक दिवस यंत्र माणसापेक्षा हुशार होईल? माणसाची जागा घेईल?"

प्रश्न मला होता. पण कोपऱ्यातील टेबलावर मुनीमजींचे पेन थांबले. त्याच आठवड्यात दुकानात नवी संगणक प्रणाली बसविली होती. बिलाचा मोबाइलवर फोटो काढला की ती रक्कम, कराचा दर आणि पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक स्वतः वाचते, नोंद करते आणि पोर्टलवरील विवरणाशी ताळा घेऊन फरक दाखविते. ज्या कामाला मुनीमजींना दोन दिवस लागत, ते चहा निवण्याच्या आत संपत होते. मुनीमजींची या दुकानातील सेवा सत्तावीस वर्षांची आहे.

त्या दिवशी मी विषय बदलला. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या पेढीवर, दुकानात आणि घरातही तो आज ना उद्या विचारला जाणार आहे. म्हणून ते टाळलेले उत्तर येथे लिहीत आहे.

हे आम्ही पूर्वीही पाहिले आहे

मी १९८०च्या दशकाच्या आरंभी बँकेत लागलो. तेव्हा काउंटरवर पितळी टोकन मिळे आणि प्रत्येक खातेदाराचे पान जाडजूड लेजरमध्ये असे. सहामाहीअखेरीस व्याज लावून लेजर जुळविताना रात्रीचे दहा वाजत. काही रुपयांच्या फरकासाठी आठ-आठ दिवस सगळी शाखा व्हाउचर उपसत बसे. आमच्या शाखेत एक ज्येष्ठ सहकारी होते. साठ ओळींच्या रकान्यावरून ते वरून खाली बोट फिरवीत आणि तळाशी बेरीज लिहीत. ती चुकल्याचे मला आठवत नाही. नवीन लागलेल्या आम्हा मुलांना वाटे, बँक म्हणजे हेच बोट.

संगणक येणार, ही भीती त्याहूनही जुनी. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक बसविण्यास कर्मचाऱ्यांनी मोठा विरोध केला होता. पुढे स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर होते. तिचा अहवाल १९७२चा आहे. बँकांत १९८३ मध्ये संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला, दुसऱ्या समितीचा १९८९ मध्ये. शाखांत प्रथम आली ती लेजर पोस्टिंग मशीन. १९९३च्या करारानंतर वेग वाढला. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सरकारी बँकांतील सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली. बेरीज करणारे ते बोटही त्यांत गेले.

आमच्या मोर्चांत मीही घोषणा दिल्या आहेत. आज मागे वळून पाहताना दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली, बँका बुडाल्या नाहीत. उलट त्या जेथे कधी पोहोचल्या नसत्या तेथे पोहोचल्या. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. एवढे व्यवहार लेजरमध्ये उतरवायचे म्हटले तर सारा देश लिपिक करावा लागेल. दुसरी, जे बाहेर पडले त्यांना निदान रक्कम मिळाली, निरोपसमारंभ झाला. परंतु त्यांच्या जागेवर जो तरुण एरवी लागला असता, तो कधी लागलाच नाही. कितीतरी वर्षे लिपिकांची भरती जवळजवळ थांबली होती. त्या तरुणाचा निरोपसमारंभ झाला नाही, कारण तो आलाच नव्हता. या दुसऱ्या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

पुढे जाणे आणि जागा घेणे

नातवाच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न एकत्र बांधलेले आहेत. यंत्र माणसाच्या पुढे जाईल का, हा एक. आणि ते माणसाची जागा घेईल का, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर अनेक बाबतींत केव्हाच मिळाले आहे. १९८० मध्ये शकुंतलादेवींनी लंडनमध्ये दोन तेरा आकडी संख्यांचा गुणाकार अठ्ठावीस सेकंदांत तोंडी केला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आज खिशातला फोन तो डोळ्याचे पाते लवण्याआधी करतो. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लूने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव याला हरविले. तेव्हा अनेकांना वाटले, आता बुद्धिबळ संपले. झाले उलटेच. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा महाराष्ट्रभर घराघरांत आनंद झाला. तिच्या हातातल्या फोनमधील प्रणाली तिच्यापेक्षा बलवान आहे, हे तिलाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही. तरीही आपण यंत्राचे अभिनंदन करायला जात नाही. यंत्र पुढे गेले, पण जागा घेऊ शकले नाही.

मात्र या उदाहरणाने समाधान मानून चालणार नाही. बुद्धिबळात लोकांना माणसाचा खेळच पाहावयाचा असतो. बेअरिंग विकत घेणाऱ्याला मात्र बेअरिंगच हवे असते; त्याचे बिल कोणी लिहिले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तेथे जो स्वस्त आणि बिनचूक, तो टिकतो.

आपल्या परिसरात याचा मधला मार्गही दिसतो. बजाज ऑटोच्या चाकण येथील कारखान्यात २०१० पासून 'कोबॉट' आले, म्हणजे जाळीच्या कुंपणात न राहता कामगाराच्या शेजारी उभे राहून काम करणारे यांत्रिक हात. बोल्ट सारख्या जोराने आवळण्याचे कंटाळवाणे, मनगट दुखविणारे काम ते करतात, आणि त्याच कारखान्यात मोठ्या संख्येने महिला जुळणीचे काम करतात. यंत्र आले म्हणजे माणूस गेलाच, असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब येथे लागत नाही.

मग सर्वच बाबतींत माणसाला मागे टाकणारे यंत्र होईल का? २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, तेव्हापासून हा प्रश्न शास्त्रज्ञांच्या खोलीतून आपल्या ओट्यावर आला. ही भाषा बोलणारी यंत्रे अफाट मजकूर वाचून, पुढे कोणता शब्द येणे संभवते याचा अंदाज बांधत शिकलेली असतात. एवढ्याशा युक्तीतून पत्र, कविता, ताळेबंदावरील टिप्पणी आणि संगणकाची आज्ञावलीसुद्धा तयार होते, याचे आश्चर्य ती घडविणाऱ्यांनाही वाटते. या विद्येच्या प्रवर्तकांपैकी जेफ्री हिंटन यांनी २०२३ मध्ये गूगल सोडले, ते धोक्याविषयी मोकळेपणे बोलता यावे म्हणून. २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेलही मिळाले. २०१८चा ट्युरिंग पुरस्कार त्यांच्यासोबत विभागून घेणारे यान लकुन मात्र ही भीती अतिरंजित मानतात. एकाच पुरस्काराचे दोन मानकरी जेथे एकमेकांशी सहमत नाहीत, तेथे निवृत्त बँक अधिकाऱ्याने निकाल देणे शोभणार नाही. अनेकांताच्या संस्कारात वाढलेल्या माणसाने दोन्ही बाजू उघड्या ठेवाव्यात, हेच योग्य.

आपल्या परंपरेने जीव आणि अजीव यांतील रेषा स्पष्ट काढली आहे. जाणणे आणि पाहणे हा जीवाचा धर्म. पुद्गलाची रचना कितीही गुंतागुंतीची झाली तरी तिच्यात चेतना उपजत नाही. काही बांधव यावरून निश्चिंत होतात: यंत्र अजीव, मग त्याचे भय कसले? त्यांना मी बँकेतला अनुभव सांगतो. नोटसुद्धा अजीवच आहे. कागदाचा तुकडा, त्याला इच्छा नाही, राग नाही, लोभ नाही. पण त्या कागदाने भावाला भावाविरुद्ध कोर्टात उभे केलेले मी पाहिले आहे. अजीव वस्तू माणसावर राज्य करते ती स्वतःच्या बळावर नव्हे. आपण तिला जी जागा देतो, त्या बळावर.

माझा एक नकार

आता माणसाच्या बाजूचा हिशेबही तपासला पाहिजे. कारण "यंत्राला काय कळते, माणसाची पारख वेगळीच" हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते.

१९९०च्या दशकात मी याच औद्योगिक पट्ट्यातील एका शाखेत कर्जविभाग सांभाळत होतो. एक भगिनी अर्ज घेऊन आल्या. यजमान नुकतेच वारलेले. त्यांनी सुरू केलेले छोटे वर्कशॉप त्यांना पुढे चालवायचे होते आणि एक यंत्र घ्यायचे होते. कागदपत्रे ठीक होती, ऑर्डर हातात होती. मी शेडला भेट दिली, हिशेब पाहिला आणि नकार दिला. शेऱ्यात लिहिले, "व्यवस्थापनाचा पुरेसा अनुभव नाही." मनातले कारण वेगळे होते: घरात कर्ता पुरुष नाही, बाई कामगारांपुढे कशा उभ्या राहणार? काही वर्षांनी एका लग्नसमारंभात त्या भेटल्या. त्यांनी दुसरीकडून कर्ज घेतले होते आणि एकाची तीन यंत्रे झाली होती. त्या मला आदराने "नमस्कार साहेब" म्हणाल्या. त्या नमस्काराइतके ओझे मी दुसरे वाहिलेले नाही.

त्या जागी यंत्र असते तर? वाटते, त्याने फक्त आकडे पाहिले असते आणि कर्ज दिले असते. पण हे तितके सोपे नाही. यंत्र शिकते ते जुन्या नोंदींवर, आणि त्या नोंदी माझ्यासारख्यांनीच लिहिलेल्या आहेत. २०१८ मध्ये अॅमेझॉनविषयी एक वृत्त प्रसिद्ध झाले होते. नोकरीचे अर्ज चाळण्यासाठी त्यांनी तयार केलेली प्रणाली महिलांच्या अर्जांना कमी गुण देऊ लागली, कारण जुन्या भरतीत पुरुषच अधिक होते. शेवटी ती बाजूला ठेवावी लागली. म्हणजे माझा पूर्वग्रह यंत्रात जाऊन पुसला जात नाही. तो तेथे नियम होतो, आणि एका शाखेऐवजी हजार शाखांत लागू होतो.

फरक पुढे पडतो. मला ती चूक समजली. झोप उडाली. पुढच्या अशा प्रत्येक अर्जावर सही करताना तो नमस्कार आठवला. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना त्या भगिनींचा चेहरा आजही डोळ्यांपुढे येतो. यंत्राची चूक सुधारता येते, पण यंत्राला ती लागत नाही.

उधारीची यादी

पुन्हा दुकानाकडे येतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी नव्या प्रणालीने एक यादी काढली: कोणाची उधारी थांबवावी. त्यात एका फॅब्रिकेशनवाल्याचे नाव लाल रंगात होते. देय तारीख उलटून पंचाहत्तर दिवस झाले होते. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचे नाव हिरव्या रंगात होते, पण पिवळ्याच्या काठावर.

मुनीमजी म्हणाले, "शेठ, लालवाल्याचा माल थांबवू नका. फेब्रुवारीत कुदळवाडीत पाडापाडी झाली, त्यात त्याची शेड गेली. यंत्रं उचलून त्यानं मोशीला नेली. दोन महिने काम बंद होतं. माणूस पैसे बुडवणारा नाही." आणि दुसऱ्याबद्दलही त्यांनी शब्द दिला, "हा तर आपला जुना, काळजी नको."

पुतण्याने दोन्ही ठिकाणी मुनीमजींचे ऐकले. लाल रंगातला माणूस थोडे थोडे करून सारे पैसे देऊन गेला. हिरव्या रंगातला, ज्याच्यासाठी मुनीमजींनी शब्द टाकला होता, तो मात्र भाड्याची जागा रिकामी करून रातोरात गेला. रक्कम बुडाली.

म्हणजे एकदा माणूस बरोबर ठरला. दुसऱ्यांदा माणूस आणि यंत्र दोघेही फसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधीच मुनीमजी पायरीवर बसलेले होते. पुतण्याला म्हणाले, "शेठ, शब्द माझा होता. दरमहा पगारातून थोडे थोडे कापून घ्या." पुतण्याने अर्थातच नकार दिला. आत संगणक सुरू झाला आणि प्रणालीने नव्या दिवसाची नवी यादी दाखविली. कालच्या यादीचे तिला काहीच नव्हते.

त्या पायरीवर मला नातवाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. व्यापार ज्याला 'पत' म्हणतो ती तीनशे ते नऊशेमधल्या एखाद्या आकड्यात बसते, हे खरे; मी स्वतः त्या आकड्यावर कर्जे मंजूर केली आहेत, आणि पुष्कळदा तो आकडा माझ्या अंदाजापेक्षा अधिक न्यायी निघाला. पण पतीची दुसरी बाजू म्हणजे जो शब्द देतो तो जबाब देण्यासाठी सकाळी पायरीवर हजर असतो. ही बाजू यंत्राकडे नाही, कारण त्याचे स्वतःचे असे गमावण्यासारखे काही नाही.

आपल्या चिखलीला जुने लोक 'टाळगाव चिखली' म्हणतात. तुकोबारायांच्या टाळांशी गावाचे नाव परंपरेने जोडले आहे. तुकोबांचे घराणे वाण्याचे आणि सावकारीचे. परंपरा सांगते की त्यांनी घरातल्या कर्जखतांची वाटणी केली. धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांना दिला आणि फक्त आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. बँकेचा माणूस म्हणून मी कोणाला कर्जखते बुडविण्याचा सल्ला देणार नाही. पण त्यातील व्यवहार किती चोख आहे, पाहा. भावाच्या वाट्याला हात लावला नाही. सोडले ते स्वतःचे. सोडण्यासाठी आधी काहीतरी आपले असावे लागते. कोणतीही प्रणाली वसुलीची शक्यता मोजील. क्षमा करण्याचा अधिकार तिला कोठून येणार?

रिकामी राहणारी खुर्ची

मग मुनीमजींची जागा गेली का? नाही. पुतण्याने काम बदलले. नोंदी आता प्रणाली करते. मुनीमजी सकाळी त्या तपासतात आणि दुपारी गिऱ्हाइकांकडे जातात, बोलतात, वसुली करतात, कोणाची शेड हलली, कोणाचा मुलगा धंद्यात आला, हे पाहून येतात. उधारी थांबविण्याची यादी यंत्र काढते. पण तिच्यावर सही माणसाची असल्याशिवाय कोणाचा माल थांबत नाही, हा नियम त्यांनी घालून घेतला आहे. मुनीमजी पूर्वीपेक्षा थोडे अधिक ताठ चालतात, असे मला वाटते.

एवढ्यावर लेख संपविला असता तर तो गोड झाला असता. पण बँकेतली ती दुसरी गोष्ट मला विसरता येत नाही. मुनीमजी आणखी तीन-चार वर्षांनी थांबतील. त्यांच्या खुर्चीवर कोणाला बसवायचे, याचा विचार त्या दुकानात कोणी करीत नव्हता. मुनीमजी स्वतः सतराव्या वर्षी एका पेढीवर पाणी भरण्यासाठी आणि टपाल टाकण्यासाठी लागले होते. वहीतल्या चुका करीत करीत ते शिकले. आज ती चुका करण्याची कामेच यंत्राकडे गेली आहेत. मग पारख करणारा माणूस घडणार कोठे? यंत्राने मुनीमजींना घालविले नाही. त्यांच्यामागून येणाऱ्याला दाराबाहेर ठेवले. आणि त्यात यंत्राचा दोष नाही. कोणाला ठेवायचे, कोणाला नाही, ही सही आपली आहे.

हे मी पुतण्याला स्पष्ट सांगितले. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, नोंदीच्या कामात जो पगार वाचतो, त्यात एक मुलगा ठेवता येईल. पण त्याला काम काय देऊ?" मी म्हणालो, "मुनीमजींच्या मागे हिंडायचे काम दे."

व्यापारी बांधवांना माझी एवढीच विनंती आहे. यंत्र जरूर आणा. ते न आणणारा टिकणार नाही, हे मी चाळीस वर्षे पाहिले आहे. परंतु यंत्रामुळे जो वेळ आणि पैसा वाचेल, त्याचा काही भाग एखाद्या तरुणाला घडविण्यासाठी बाजूला काढा. मग तो आपल्या समाजातला असो वा गावातला. आणि माणसाच्या पतीसंबंधी, नोकरीसंबंधी, उधारीसंबंधी कोणताही निर्णय "सिस्टीमने नाही म्हटले" या वाक्यावर संपवू नका. ते वाक्य बोलणारा माणूस त्या क्षणी आपली जागा स्वतःहून सोडत असतो.

या दिवाळीच्या वहीपूजनाला दुकानात लाल वहीच्या शेजारी संगणकही मांडला होता. दोहोंना कुंकू लागले. नव्या वहीचे पहिले पान लिहायला पुतण्याने पेन मुनीमजींच्या हाती दिले. मुनीमजींनी ते शेजारी उभ्या असलेल्या, महिन्यापूर्वीच कामाला लागलेल्या मुलाच्या हाती दिले आणि म्हणाले, "हळू लिही. चुकलं तर खोडू नकोस, मला दाखव."